12 व्होल्टांचे 5 व्होल्ट: बक रेग्युलेटर बांधायचा, पण डोलू द्यायचा नाही

बक रेग्युलेटर, म्हणजे डीसी व्होल्टेज खाली आणणारं स्विचिंग सर्किट, बांधताना ‘आउटपुटला जितका कमी ईएसआरचा (कपॅसिटरच्या स्वतःच्या आतल्या रेझिस्टन्सचा) कपॅसिटर, तितकं उत्तम’ हा सल्ला डोळे झाकून दिला जातो. एलएम2596 सारख्या जुन्या वळणाच्या रेग्युलेटर चिपसाठी तो साफ चुकीचा आहे. सर्किट चालू होतं, मीटरवर 5 व्होल्टही दिसतात, आणि आत आउटपुट डोलत, म्हणजे सतत वर-खाली होत असतं. इथे 12 व्होल्टांच्या अडॅप्टरवरून 5 व्होल्ट, 2 अँपिअर देणारं सर्किट धरलंय. चिप अ‍ॅडजस्टेबल जातीची, म्हणजे आउटपुट बाहेरच्या दोन रेझिस्टरांनी ठरतं.

चिपमधला स्विच सेकंदाला दीड लाख वेळा चालू-बंद होतो. चालू असताना कॉइलमधला करंट चढतो. बंद झाला की तोच करंट डायोडमधून वाट काढतो आणि उतरत जातो. प्रत्येक आवर्तनात स्विच किती वेळ चालू राहिला, यावर आउटपुट ठरतं. 12 चे 5 करायला कागदावर 42 टक्के वेळ पुरतो. पण स्विचवर एक-सव्वा आणि डायोडवर अर्धा व्होल्ट खर्ची पडतो, म्हणून प्रत्यक्षात 48-49 टक्के लागतात. आउटपुटचा ठराविक हिस्सा चिपला परत दाखवणाऱ्या फीडबॅक पिनवर 1.23 व्होल्ट टिकवणं एवढंच चिपला कळतं.

सामान: 33 मायक्रोहेन्रीची, किमान 3 अँपिअरला सॅच्युरेट न होणारी (गाभा चुंबकत्वाने भरून न जाणारी) कॉइल, 1एन5822 शॉट्की डायोड (1एन4007 नको, या वेगाला तो वेळेवर बंदच होत नाही, नुसता तापतो), इनपुटला 470 मायक्रोफॅरड, 35 व्होल्टांचा लो-ईएसआर इलेक्ट्रोलिटिक, आउटपुटला 220 मायक्रोफॅरड, 25 व्होल्ट, तोही लो-ईएसआर इलेक्ट्रोलिटिकच. फीडबॅक पिनपासून ग्राउंडला 1 के (किलोओहम), आउटपुटपासून फीडबॅकला 3.09 के. तो मिळाला नाही तर 3 के आणि 82 ओहम सिरीजमध्ये लावा, 5.02 व्होल्ट येतात. पाचवी, म्हणजे चिप चालू-बंद करणारी पिन, ग्राउंडला.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तयार मॉड्यूल आणलं असेल तर आधी दुसऱ्या (स्विचच्या) पिनवर फ्रिक्वेन्सी बघा. 150 च्या जागी 50 किलोहर्ट्झच्या आसपास दिसली, तर चिपवर नाव काहीही छापलेलं असो, आत दुसरंच काहीतरी आहे. त्याच कॉइलवर रिपल करंट (कॉइलमधल्या करंटचा चढ-उतार) तिप्पट होणार.

जोडणी ब्रेडबोर्डवर करू नका. इनपुट कपॅसिटर, चिप आणि डायोड यांचं वेटोळं जमेल तितकं आखूड ठेवा. फीडबॅकची तार थेट आउटपुट कपॅसिटरच्या पायापासून घ्या आणि कॉइलच्या खालून नेऊ नका.

आता खरी मेख. कॉइल आणि आउटपुट कपॅसिटर मिळून एक फिल्टर होतो. 33 मायक्रोहेन्री आणि 220 मायक्रोफॅरडला त्याची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी 1.9 किलोहर्ट्झच्या जवळ येते. तिच्या वर गेलं की हा फिल्टर सिग्नलला जवळपास 180 अंश मागे ढकलतो. फीडबॅक मुळात उलट दिशेचा, म्हणजे 180 अंश आधीच खर्च झालेले. दोन्ही मिळून 360 झाले आणि तोवर लूपचा (आउटपुट, फीडबॅक, स्विच या फेऱ्याचा) गेन एकच्या खाली उतरलेला नसला, की दुरुस्ती करायला निघालेली चिप चूक वाढवत बसते.

इथे वाचवतो तो कपॅसिटरचा ईएसआर. 220 मायक्रोफॅरड आणि 0.1 ओहम असेल तर सुमारे 7.2 किलोहर्ट्झपासून कपॅसिटर रेझिस्टरसारखा वागू लागतो आणि गेलेली फेज (मागे पडलेले अंश) परत मिळायला लागते. या चिपची आतली जुळणी हे गृहीत धरूनच केलेली आहे. आता तिथे 22 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक बसवा, ईएसआर 3 मिलीओहम. रेझोनन्स 5.9 किलोहर्ट्झवर जातो आणि ईएसआरची मदत 2.4 मेगाहर्ट्झला मिळते, म्हणजे मिळतच नाही. ‘सिरॅमिकने रिपल (आउटपुट व्होल्टेजवरची लहर) कमी होतो’ म्हणणाऱ्याचं म्हणणं खोटं नाही. त्याने लोड बदलून पाहिलेलं नसतं, एवढंच. आउटपुटचा ईएसआर 30 मिलीओहमच्या खाली नेऊ नका. इलेक्ट्रोलिटिकला समांतर 0.1 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक खुशाल लावा, त्याने काही बिघडत नाही. पण 22 मायक्रोफॅरडचे तीन-तीन सिरॅमिक ठोकले की मिळालेली फेज पुन्हा गमावलीत.

उलट टोकही वाईटच. साधा, जुना, सुकलेला इलेक्ट्रोलिटिक ओहमभर ईएसआर दाखवतो. इथे रिपल करंट 0.57 अँपिअर आहे. 0.1 ओहमला रिपल 57 मिलीव्होल्ट, एका ओहमला अर्ध्या व्होल्टाच्या वर.

तपासणी लोडच्या धक्क्यानेच, म्हणजे आउटपुटचा करंट एकदम बदलून करायची, मीटरने नाही. आउटपुटला 10 ओहमचा रेझिस्टर कायम जोडा, म्हणजे अर्धा अँपिअर. शेजारी 5 ओहम, 10 वॉटचा रेझिस्टर आयआरएलझेड44एन मॉसफेटने 100 हर्ट्झला चालू-बंद करा. गेटला 5 व्होल्टांवर चालणाऱ्या 555 टायमर चिपचं आउटपुट पुरतं. स्कोप (ऑसिलोस्कोप) एसी कपलिंगवर ठेवा आणि प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून आखूड स्प्रिंग लावा, नाहीतर स्विचिंगचे काटेच दिसत राहतील. धक्क्यानंतर एक खड्डा आणि फार तर एक छोटा उंचवटा दिसला तर काम झालं. चार-पाच लाटा मोजता आल्या तर फेज मार्जिन (डोलायला लागण्यापासूनचं अंशांमधलं अंतर) तुटपुंजं आहे. लाटा थांबतच नसल्या, किंवा कॉइल सूंऽऽ करत असली, तर सर्किट पुढे जोडू नका.

सिरॅमिकच वापरायचा हट्ट असेल, तर 3.09 के ला समांतर 10 नॅनोफॅरड लावून बघा. 5 किलोहर्ट्झपासून फेज पुढे येते, 10 किलोहर्ट्झच्या आसपास जास्तीत जास्त 37 अंश. त्याहून जास्त या दोन रेझिस्टरांच्या गुणोत्तरातून निघत नाही. धक्क्याची चाचणी पुन्हा करा. तरीही लाटा राहिल्या तर सिरॅमिकला सिरीजमध्ये 0.1 ओहम घाला, किंवा सरळ सिरॅमिकसाठीच बनवलेली करंट-मोड (कॉइलचा करंटही मोजून चालणारी) चिप घ्या.

एक गोष्ट उगाच घाबरवते. लोड 0.28 अँपिअरच्या खाली गेला की कॉइलचा करंट प्रत्येक आवर्तनात शून्याला टेकतो आणि दुसऱ्या पिनवर बारीक, विरत जाणाऱ्या लाटा दिसतात. तो लूपचा दोष नाही. कॉइल आणि डायोडची कपॅसिटन्स आपसात वाजत असते. त्या लाटांसाठी आउटपुट कपॅसिटर बदलत बसू नका.

आउटपुटची बाजू निर्दोष असूनही सगळं डोलत असेल तर इनपुट बघा. 5 व्होल्ट, 2 अँपिअरला ही चिप साधारण 80 टक्के कार्यक्षमतेने 12.5 वॉट ओढते. इनपुट व्होल्टेज घसरलं की ती करंट वाढवते, म्हणजे अडॅप्टरला ती उणे 11.5 ओहमसारखी दिसते. लांब वायर किंवा कॉइलचा इनपुट फिल्टर आणि पुढे नुसता सिरॅमिक, ही जोडी इथे वाजू शकते. म्हणून तो 470 चा इलेक्ट्रोलिटिक चिपला खेटूनच हवा. त्याचा ईएसआर ते वाजणं दाबतो.