ट्रक चालू, ट्रेलरची बॅटरी चार्ज
ट्रक आणि ट्रेलर जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगमधून ट्रेलरची बॅटरी चार्ज होते, पण नावालाच. ४० फुटांवर १० गेजची तार म्हणजे जाऊन-येऊन ८० फूट. २० अँपिअर ओढले की दीड व्होल्ट वाटेतच गळतो. लिथियम बॅटरीचं तर त्यात काहीच भागत नाही.

आमच्या फोर्ड एफ-१५० ट्रकला मी ६ गेजची (गेजचा आकडा लहान, तेवढी तार जाड) तांब्याच्या तारांची जोडी वेगळी ओढली. ट्रकच्या बॅटरीपासून वीतभरावर ४० अँपिअरचा फ्यूज, बंपरखाली अँडरसन कनेक्टर, म्हणजे जास्त करंट झेपणारा प्लग. मायनस थेट बॅटरीच्या खांबाला नको, तिथे करंट मोजणारा सेन्सर असतो. शेजारच्या चॅसीच्या बोल्टला द्या. तार सायलेन्सरपासून लांब ठेवा.

ट्रेलरच्या बॅटरीजवळ २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (ट्रककडून येणारं व्होल्टेज बॅटरीला हवं तसं करून देणारा) आणि चार्जर व बॅटरीच्या मध्ये आणखी एक फ्यूज. नवे अल्टरनेटर (इंजिनवर चालून वीज देणारे) इंधन वाचवायला व्होल्टेज मध्येच उतरवतात, ते हा चार्जर सावरून घेतो. मोठा चार्जर घ्यायची हौस असेल तर आधी तार जाड करा.

आता खरी गोम. चार्जरला इग्निशनचा इशारा सात पिनांतल्या जुन्या चार्जिंग तारेवरून द्या, पण ती ट्रेलरच्या बॅटरीपासून आधी सोडवा. नाहीतर ट्रेलरचीच बॅटरी उलटा इशारा देत राहते, चार्जर बंदच होत नाही आणि सकाळी ट्रक ढिम्म. फ्यूज सगळ्यात शेवटी बसवा.