केळवणं, ब्लाउजची माया आणि तीन महिन्यांचा व्यायाम

दरवर्षी तुळशीचं लग्न जवळ आलं की माझा फोन वाजायला लागतो. "सर, लग्न ठरलंय, आठ किलो कमी करायचेत." किती दिवस आहेत विचारलं की पलीकडून "18". आता 18 दिवसांत मी काय करणार, तुमच्या टेलरचा नंबर द्या, त्याच्याशी बोलतो.

गंमत सोडा, आधी हिशोब बघू. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. रोज 550 कॅलरी कमी पडल्या तर आठवड्याला अर्धा किलो जातो, म्हणजे 12 आठवड्यांत सहा किलो, आणि तेही सगळं नीट झालं तर. कोणी "10 दिवसांत पाच किलो" म्हणत असेल तर त्यात बरचसं पाणी असतं, भात पोळी बंद केली की शरीरातला ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपतो आणि त्याच्यासोबतचं पाणी निघून जातं, काटा खाली येतो, तुम्ही खूश, आणि पहिल्याच केळवणाला सगळं परत. म्हणून मुहूर्त निघाला की त्याच दिवशी कॅलेंडर घेऊन उलटं मोजत या. डिसेंबरचा मुहूर्त असेल तर मध्ये गणपती, नवरात्र, दिवाळी सगळं येतं, ते आठवडे वजन कमी करायचे नाहीच धरायचे, आहे ते टिकवलं तरी खूप झालं.

जिममध्ये नवीन कोणी आलं की मी एक विचारतो, तुला कोणी पाठवलं? "काकू म्हणाली फोटोत जाड दिसशील" असं उत्तर आलं की मला कळतं ही पोरगी तीन आठवडे टिकेल. दुसऱ्याच्या टोमण्यावर व्यायाम फार चालत नाही. आणि खरं सांगू का, लग्नाच्या तारखेवर सुद्धा चालत नाही. पहिले 15 दिवस जोर असतो, मग पत्रिका, हॉल, कॅटरर, मानपान यात तो उडून जातो. मोटिव्हेशन म्हणजे पाहुणा आहे, आला तर चहा पाजा, पण घर त्याच्या भरवशावर नको. त्यापेक्षा वेळ ठरवा.

आणि वेळ ठरवताना स्वतःशी खोटं बोलू नका. लग्न ठरलेली 10 पैकी नऊ मंडळी मला "सकाळी सहाची बॅच" सांगतात आणि तीच मंडळी रात्री दीड वाजेपर्यंत होणाऱ्या नवऱ्याशी नाहीतर बायकोशी फोनवर असतात. मी काही म्हणत नाही, दिवस आहेत ते. पण मग सकाळची बॅच घेऊ नका ना, संध्याकाळी सातला या. झोप पाच तासांवर आली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, गोड खावंसं वाटतं, व्यायामात जीव राहत नाही. एका जोडप्याला मी सांगितलं होतं, फोनवर बोलायचंच आहे तर चालत चालत बोला. दोघं वेगवेगळ्या शहरात, रोज जेवण झाल्यावर 40 मिनिटं चालायचे आणि बोलायचे, साडेअकराला फोन बंद. त्या दोघांना मला एकदाही ढकलावं लागलं नाही.

ज्या दिवशी अजिबात नको वाटेल त्या दिवशी फक्त बूट घालायचे आणि 10 मिनिटं करायचं, नंतर खरंच नको वाटलं तर घरी जा. बहुतेक जण जात नाहीत.

आता व्यायाम कोणता. आठवड्यातून तीन दिवस वजनाचा व्यायाम 45 मिनिटं, बाकी दिवस चालणं. खरेदीचं चालणं पण धरा, पुण्यात लक्ष्मी रोड आणि तुळशीबागेत एक दुपार घातली की पावलं भरपूर होतात (नंतर मस्तानी प्यायली तर तो हिशोब तुमचा तुम्ही करा). पण माझा आग्रह असा की दंड आणि पोट यांच्या मागे लागण्यापेक्षा लग्नाच्या दिवसाची तयारी करा. विचार करा ना, त्या दिवशी तुम्ही करता काय? पाटावर मांडी घालून दीड दोन तास विधी, मग रिसेप्शनला स्टेजवर तीन तास उभं, नवीन चपला, अंगावर जड शालू नाहीतर शेरवानी. ज्यांना खुर्चीवर बसून काम करायची सवय आहे त्यांचे पाय होमापुढे अर्ध्या तासात बधिर होतात, मग उठताना करवलीचा हात धरावा लागतो. म्हणून आजपासून रोज एक जेवण खाली बसून मांडी घालून जेवा, हात न टेकता उठायचा प्रयत्न करा. उठाबशा, पाठीवर झोपून कंबर उचलणं, आणि दोन्ही हातात पाण्याने भरलेल्या बादल्या घेऊन गॅलरीत फेऱ्या. नव्या चपला घरात रोज अर्धा तास घालून फिरा.

खाण्याचं बोलू. आपल्याकडे घरोघरी प्रोटीन कमी पडतं. 60 किलोच्या मुलीला दिवसाला 70 ग्रॅमच्या आसपास हवं, आणि एक वाटी घट्ट वरण म्हणजे फक्त सहा सात ग्रॅम. अंड्यात सहा, ग्लासभर दुधात आठ, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास, 50 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत 25. पोळी भात सोडू नका, एक पोळी कमी करून त्या जागी हे आणा.

उपाशी तर राहूच नका. क्रॅश डाएट केलं की दोन तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, म्हणजे मोजून बघा, ऐन लग्नात. मुलींनी सुरू करायच्या आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता, त्यामुळे "मला दम लागतो, मी आळशी आहे" असं म्हणणाऱ्या कित्येकींचं रक्तच कमी असतं. मुलांनो, दोन महिन्यांत दंड फुगवायला कोणी इंजेक्शन सुचवलं तर ती जिम सोडा.

आणि केळवणं! लोक याला फार घाबरतात. 12 आठवड्यांत तुम्ही साधारण 250 वेळा जेवता, त्यातली 10 केळवणं म्हणजे चार टक्के. बिघडतं ते उरलेल्या 240 मध्ये. केळवण आहे म्हणून दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी तुटून पडू नका. मावशीला आदल्या दिवशीच फोन करा, "मावशी, श्रीखंड खाणार आहे पण पुऱ्या दोनच वाढ." ताटावर बसल्यावर नको म्हटलं की रुसवा होतो, आधी सांगितलं की तीच कौतुकाने सगळ्यांना सांगते. एकाच गल्लीतल्या दोन काकांना एकत्र करायला सुचवा, त्यांनाही बरं पडतं.

काट्यावर रोज उभं राहायचं नाही. मीठ, पाळी, रात्रीचं जेवण, यांनी किलो दीड किलो इकडेतिकडे होतंच. बेंबीजवळ टेप लावून दर रविवारी माप लिहा. आणि ब्लाउज शिवताना टेलरला सांगून आत माया ठेवा, शेवटचं फिटिंग लग्नाच्या 10-12 दिवस आधी. त्यानंतर बारीक व्हायचं नाही, ब्लाउज ढगळ झाला तर आई मला फोन करते.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही करू नका, जड व्यायाम बंद. विधी होईपर्यंत उपास असेल तर दूध, केळं, राजगिऱ्याचा लाडू चालतो का ते आधी घरात विचारून ठेवा, मांडवात चक्कर आलेली मी पाहिलीय.

नवरदेवांसाठी एक वेगळं. लग्नानंतर जेजुरीला जाणार असाल तर बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायच्या आहेत हे तुम्ही दोन दिवस आधी आठवता. तीन महिने आधी आठवा. बॅगेत 10 किलो तांदूळ घालून ती छातीशी धरून जिना चढा, दर दोन आठवड्यांनी पाच किलो वाढवा. पुण्यात असाल तर पर्वतीच्या 103 पायऱ्या आहेतच, त्या मात्र रिकाम्या हाताने. उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघे वाकवून खाली जा, एक हात तिच्या गुडघ्याखाली, एक पाठीमागे, आणि तिला अंगाशी घट्ट धरा. तिने तुमच्या गळ्यात हात टाकायचे, लाजायचं नाही, कारण तिचा भार तुमच्या खांद्यावर आला तर तुमची कंबर वाचते. पायऱ्यांवर भंडारा पडलेला असतो, घसरतं, त्यामुळे पूर्ण पाऊल टेकल्याशिवाय दुसरं उचलू नका आणि फोटोवाल्याकडे तर पाचवी पायरी झाल्यावरच बघा.