घर विकताना वायरिंगचे कागद: या चुका टाळा

"घर विकायला काढलंय. वायरिंगचं सर्टिफिकेट पाहिजे. काम बारा-तेरा वर्षांपूर्वी झालंय, तेवढी तेव्हाची तारीख टाकून द्या." महिन्यातून एक तरी फोन असा येतो. मी सांगलीत लायसनवर वायरिंगची कामं घेतो आणि ही मागणी ऐकली की हातातला चहा खाली ठेवतो. समजावून सांगण्यात अर्धा तास जाणार हे ठरलेलं असतं.

आधी एक गोष्ट. खरेदीखत नोंदवताना दुय्यम निबंधक कार्यालयात वायरिंगचा कागद कोणी विचारत नाही. विचारतो तो घेणारा, आणि अलीकडे फार विचारतो. विश्रामबागेत एका फ्लॅटच्या व्यवहारात घेणाऱ्यांचा जावई इंग्लंडात होता. तिकडं २००५ पासून घरातल्या ठरावीक विजेच्या कामांचा दाखला ठेवावा लागतो आणि घर विकताना वकील तो मागतो. जावयानं फोनवरून तोच हट्ट धरला. आपल्याकडं त्याच्या जवळपास जाणारा कागद एकच, टेस्ट रिपोर्ट. नवीन कनेक्शन घेताना किंवा भार वाढवताना लायसनधारक कंत्राटदाराच्या सहीनं तो महावितरणला दिलेला असतो. त्याची प्रत शंभरातल्या पाच घरांत सापडली तरी मी खूश होतो.

मागच्या तारखेचा कागद

हे पाप सगळ्यात जास्त वेळा घडताना बघितलंय. मी नाही म्हटलं की लोक दुसऱ्याकडं जातात आणि कोणीतरी देतंच.

एका बंगल्याच्या व्यवहारात घेणारे गृहस्थ रिटायर झालेले, आयुष्यभर खात्यात हिशेब तपासलेले. विकणाऱ्यानं ऐटीत टेस्ट रिपोर्ट पुढं केला. तारीख २०१४ ची. गृहस्थांनी चष्मा वर केला, कागद उजेडात धरला आणि शांतपणे विचारलं, "लेटरहेडवर जीएसटी नंबर आहे. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. तुमच्या वायरमनला तीन वर्षं आधीच कळलं होतं का?" मी तिथं घेणाऱ्यांच्या बाजूनं तपासणीला गेलो होतो. हसू दाबताना जीव गेला. गंमत म्हणजे त्या घराचं वायरिंग चांगलं होतं! पण एक कागद खोटा निघाल्यावर गृहस्थांनी मोजणीपासून घरपट्टीपर्यंत सगळं पुन्हा उकरलं, आणि इसार पावती दोन महिने लांबली.

झालेल्या कामाचा दाखला नंतर देता येत नाही, कारण भिंतीत गेलेली पाइप मी बघितलेली नसते. आजचं रक्त काढून बारा वर्षांपूर्वीची साखर सांगणारी लॅब तुम्हाला चालेल का? मिळतो तो आजच्या तपासणीचा रिपोर्ट, आजच्या तारखेचा. त्यात मी स्वच्छ लिहितो: काम कोणी व केव्हा केलं हे माहीत नाही, आज अमुक सर्किटचं रीडिंग अमुक आलं. घेणाऱ्याला हेच हवं असतं. विकणाऱ्यालाच उगीच लाज वाटते.

पुराचं वायरिंग रंगाखाली झाकणं

सांगलीत घर विकत असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. २००५, २०१९, २०२१, कृष्णेनं तीनदा दाखवलंय की ती कुठवर येते. नदीकडच्या भागातल्या एका घरात २०१९ ला हॉलमध्ये छातीएवढं पाणी होतं. विकताना काकांनी भिंतींना पुट्टी मारली, रंग दिला, नवीन मॉड्युलर स्विच बसवले. घर नवरीसारखं सजलं. मी मेगर (वायरीचं आवरण धड आहे का ते मोजायचं यंत्र) काढल्यावर काका म्हणाले, "आवो, लाईट लागत्यात की सगळ्या! आणि काय बघताय?"

लाईट लागतात म्हणजे वायर अखंड आहे, इतकंच. वायरीवरचं आवरण किती धड आहे ते बल्ब सांगत नाही. मेन बंद केला, बल्ब, टीव्ही, इन्व्हर्टर सगळं सोडवलं (५०० व्होल्टचा मेगर लावून गिऱ्हाइकाचा टीव्ही उडवणारे बहाद्दरही मला माहीत आहेत), फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थिंगशी मोजलं. धडधाकट कोरड्या घरात शंभराच्या वर मेगओहम सहज मिळतात. १ च्या खाली आलं की मी सही करत नाही. हॉलच्या सर्किटला आलं ०.०८.

मग डीबी, म्हणजे घरातल्या सर्किटांची मुख्य पेटी, उघडली. आरसीसीबी (विजेची गळती झाली की आपोआप पुरवठा तोडणारा स्विच) होता, छान कंपनीचा, ३० मिलिअँपिअर गळतीला तोडणारा. पण येणारी आणि जाणारी वायर त्याला वळसा घालून थेट जोडलेली. पुरानंतर तो सारखा पडायचा, म्हणजे आपोआप बंद व्हायचा, म्हणून कोणा वायरमनभाऊनं "डायरेक्ट" करून दिलं होतं. आरसीसीबी पडत होता तो भिंतीतली विजेची गळती सांगायला. यांनी सांगणाऱ्याचं तोंडच बांधलं! ओल्या बाथरूममध्ये गिझरला हात लावणाऱ्या माणसाचा जीव त्या एका वस्तूवर असतो.

पाइपांत गाळ सुकून सिमेंट झाला होता. वायर ओढायची स्प्रिंग पुढं जाईना. तीन सर्किट नव्यानं ओढली आणि दोन ठिकाणी नव्या रंगावरून केसिंग पट्टी मारावी लागली. काकांचा चेहरा बघवत नव्हता. रंगाच्या आधी बोलावलं असतं तर झिरी मारून सगळं आत गेलं असतं. तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी मेगर, मग पुट्टी.

आणि आरसीसीबी वारंवार पडत असेल तर तो बदलायच्या आधी दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठं एकत्र झालेत का ते शोधा. निम्म्या वेळा तेच असतं. टेस्टचं बटण दाबून तो पडतो का हे मी महिन्याला बघा म्हणतो, ऐकत कोणी नाही. त्या बटणानं अर्थिंग तपासलं जात नाही, हेही सांगून ठेवतो.

अर्थिंग "आहे की"

कुठं आहे विचारलं की बोट पार्किंगकडं जातं. खड्डा पेव्हर ब्लॉकखाली गाडलेला, पाणी ओतायचा पाइपसुद्धा बुजवलेला. त्याहून वाईट जुगाड म्हणजे सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून तुकडा मारून अर्थच्या पिनला जोडणं. साध्या टेस्ट लॅम्पवर सगळं ठीक दिसतं. मागं कुठं न्यूट्रल तुटला की फ्रीजच्या पत्र्यात फेज उतरतो. मी सहा-सात सॉकेट उघडूनच बघतो, त्याशिवाय अर्थिंगच्या रकान्यात काही लिहीत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

बिलावरचा मंजूर भार बघा. दोन एसी आणि गिझर असलेल्या घराचा भार आजोबांच्या काळातला असेल तर विकण्याआधी वाढवून घ्या. टेस्ट रिपोर्टही त्या निमित्तानं रीतसर होतो.

बिल वारलेल्या माणसाच्या नावावर ठेवू नका. विकायच्या घाईत नाव बदलायचे कागद जमवणं म्हणजे डोक्याला ताप.

जुन्या घरात लाकडी पट्टीवरची ॲल्युमिनियमची वायर असेल तर लपवू नका, भाव त्या हिशेबानं धरा. तिला तांब्याची वायर पिळून टेप मारलेली असेल तर मात्र आजच सोडवा. तो जॉइंट तापतोच.

गिझरच्या पॉइंटला दीड स्क्वेअरची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर निघाली तर एमसीबी (जास्त करंट गेला की बंद होणारा स्विच) मोठा टाकून भागवू नका. ४ स्क्वेअरची ओढा.

बल्ब, पंखा, स्विच जसाच्या तसा बदलण्याला लायसनवाला लागत नाही. नवीन पॉइंट काढायला, सर्किट वाढवायला लागतो. यूट्यूब बघून डीबी उघडणाऱ्या पोरांना हा फरक कळत नाही, आणि त्यांच्या वडिलांना कौतुक वाटतं.

नवीन काम करून घेत असाल तर गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा. मी सर्किटची यादी, तारीख आणि लायसन नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून डीबीच्या दाराच्या आत चिकटवतो. कपाटातली फाइल घर बदलताना हरवते, डीबीचं दार कोणी घेऊन जात नाही.

आणि "उद्या इसार आहे, आज संध्याकाळी येऊन जाता का" असा फोन करू नका. दोन बेडरूमच्या घराला माझा अर्धा दिवस जातो, तोही दिवसाउजेडी. दोष निघाले तर दुरुस्तीला आठवडा धरा. एवढा वेळ नसेल तर घेणाऱ्याला सरळ सांगा की तपासणी झालेली नाही. तो स्वतः मला फोन करेल, आणि फी तोच देईल.