३६ मिली : वेळेआधी आलेल्या बाळाच्या दुधाची वही

आमची लेक २९ आठवडे ५ दिवस भरले असताना झाली. वजन १,१४० ग्रॅम. पहिल्या दिवशी तिला दर दोन तासांनी १ मिली दूध मिळत होतं, तेही तोंडातून पोटात गेलेल्या बारीक नळीने. ५४ दिवसांनी घरी आली तेव्हा अंगावर पीत होती. मधल्या काळात मी एक शंभर पानी वही भरली. मी डॉक्टर नाही, बाप आहे. एनआयसीयूबाहेरच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या) बाकावर आज कुणी नवीन येऊन बसलं असेल, तर त्या वहीतलं हे त्यांच्यासाठी.

बाळ पीत नाही म्हणजे त्याचं काही बिघडलंय, हे आधी डोक्यातून काढा. ओढायचं, गिळायचं आणि मध्येच श्वास घ्यायचा, ही तीन कामं एका लयीत जमायला साधारण ३२ ते ३४ वा आठवडा उजाडतो. लय पक्की व्हायला आणखी काही आठवडे. त्याआधी तोंडात दूध सोडलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून नळी. ती नळी पाहून बायको दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी सिरिंज माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "धरा, आता तुम्हीच पाजा."

दट्ट्या काढलेली सिरिंज नळीला जोडतात, वरून दूध ओततात, ते आपल्या वजनाने उतरतं. सिरिंज वर नेली की भरभर, खाली आणली की सावकाश. मी बाळाच्या वर साधारण वीतभर धरायचो. दूध अडलं म्हणून दट्ट्या लावून ढकलायचं नाही, सिस्टरना बोलवायचं. नळीवर सेंटिमीटरचे आकडे असतात. ओठापाशी कोणता आकडा आहे ते वहीत लिहा. आमचा १६ होता. एका सकाळी तो १४ दिसला, म्हणजे नळी बाहेर सरकली होती. अशा वेळी दुधाचा थेंबही सोडू नका. आधी सिस्टर जागा तपासतील, मगच फीड.

नळीतून दूध उतरत असताना बाळाला काहीतरी चोखू द्या : पंपाने रिकामं केलेलं स्तन, किंवा सिस्टर परवानगी देतील तर स्वच्छ बोट. पोटात दूध पडतंय आणि तोंड चाललंय, ही सांगड त्याच्या ध्यानात बसते. आमची बाई माझी करंगळी दोनदा चोखायची आणि झोपून जायची. आठवड्याभरात पाच-सहा वेळा चोखू लागली.

आता आईच्या दुधाबद्दल. अंगावर ओढणारं कुणी नसलं की दूध आपोआप वाढत नाही, ते काढावं लागतं. शक्य असेल तर बाळंत झाल्यापासून काही तासांतच हाताने सुरुवात करा. चीक थेंबाथेंबाने येतो. तो १ मिलीच्या सिरिंजमध्ये टिपून घ्यायचा, एक थेंबही वाया घालवायचा नाही. पुढे पंप. २४ तासांत किमान आठ वेळा, त्यातली एक खेप रात्रीची, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं. पहिले दोन आठवडे यात ढिलाई केली तर नंतर भरून काढणं फार जड जातं. रात्री अडीचचा गजर मी लावायचो, पंपाचे भाग मी धुवायचो, उकळायचो, बाटलीवर नाव-तारीख-वेळ मी लिहायचो. काढलेलं दूध खोलीत ४ तास, फ्रिजमध्ये जास्तीत जास्त ४ दिवस. पण दाखल बाळासाठी विभागाचे नियम याहून कडक असू शकतात, तेव्हा तेच पाळायचे. मायक्रोवेव्हमध्ये कधीही गरम करू नका.

आणि भेटायला येऊन "दूध पुरतंय ना गं?" विचारणाऱ्या माणसांना जिन्यावरच गाठणं, हेही बापाचंच काम.

काही दिवसांनी डॉक्टर दुधात फोर्टिफायर नावाची पावडर मिसळायला सांगतील. आईचं दूध कमी कसाचं आहे असा त्याचा अर्थ नाही. शेवटच्या तिमाहीत बाळ जी प्रथिनं, कॅल्शियम, फॉस्फरस पोटात असताना साठवतं, ती याची राहून गेलेली असतात. आईच्याच दुधाचा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे : आतड्याला गंभीर सूज येऊन ते सडू लागण्याचा आजार या बाळांना होऊ शकतो, आणि आईच्या दुधाने त्याचा धोका कमी होतो. म्हणून पोट टम्म फुगलं, हिरवी उलटी झाली, शीमध्ये रक्त दिसलं किंवा बाळ एकदम मलूल पडलं, तर पुढच्या फीडची वाट पाहू नका, लगेच सांगा.

कांगारू पद्धतीवर, म्हणजे बाळाला उघड्या छातीवर घेऊन बसण्यावर, सुरुवातीला माझा विश्वास नव्हता. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरत नव्हते, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. आज जागतिक आरोग्य संघटना दिवसाचे ८ ते २४ तास हे करायला सांगते. आम्हाला इतके तास कधी जमले नाहीत. पण बाळ छातीवर घेतलेल्या दिवशी बायकोच्या पंपाच्या बाटलीत १० मिली जास्त असायचं, हे वहीतच आहे. बसण्याआधी लघवीला जाऊन या, पुढून बटणं असलेला शर्ट घाला, अत्तर लावू नका, आणि बसलात की निदान तासभर उठू नका. उचलठेवीनेच ही बाळं दमतात. मान वाकून हनुवटी छातीला टेकत नाही ना, तेवढं बघत राहायचं.

तोंडाने पाजायला सुरुवात झाली ती ३४ व्या आठवड्यात, वाटी-चमच्याने. इथे मी चुकलो.

एका संध्याकाळी ३६ मिलीचं फीड होतं. २२ मिली ती छान प्यायली, मग डोळे मिटले. आदल्या दिवशी पूर्ण झालं होतं, म्हणून मी ठरवलं की आजही पूर्ण करायचंच. तळपायाला टिचकी मारली, ओठ उघडले, पुढचा चमचा ओतला. आधीचा घोट गालातच होता, तो मी पाहिलाच नाही. ठसका लागला, ओठ निळसर झाले, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा) ७१ वर आलं. सिस्टरांनी तिला सरळ करून पाठ चोळली, काही सेकंदांत रंग परत आला. माझे हात मात्र रात्रीपर्यंत थरथरत होते. पुढचे दोन दिवस पुन्हा नळी.

तेव्हापासून मिलीच्या आकड्याआधी मी वहीत तिच्या खुणा लिहू लागलो. भूक लागली की हात तोंडाकडे जायचा, जीभ बाहेर यायची, मान वळायची. पुरे झालं की भुवया वर, बोटं पंजासारखी ताठ, ओठाच्या कडेने दूध गळायचं, उचकी नाहीतर जांभई यायची. त्यातलं काही दिसलं की थांबायचं. श्वास संथ झाला आणि परत तोंड हललं तरच पुढचा घोट. नाहीतर उरलेलं नळीने, निमूटपणे. २० ते ३० मिनिटांच्या वर ओढत बसण्यात अर्थ नाही, जेवढं पोटात जातं त्याहून जास्त ताकद खर्च होते. बाटलीने पाजत असाल तर बाळाला कुशीवर घ्या, सावकाश दूध येणारं निपल मागा, आणि दर तीन-चार घोटांनी बाटली खाली करून त्याला श्वास घेऊ द्या.

अंगावर घेताना आधी रिकाम्या स्तनाला लावायचं, नुसतं चाटू, हुंगू द्यायचं. दूध भरलेलं स्तन नंतर. किती प्यायली हे कळायला सिस्टर त्याच कपड्यांत, त्याच लंगोटात आधी आणि नंतर वजन करायच्या. १ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मिली. पहिल्या दिवशी आकडा आला ४. बायको हिरमुसली. मी ४ भोवती गोल केला.

वजनाचं रोज मनाला लावून घेऊ नका. सुरुवातीला ते उतरतंच, जन्माच्या वजनावर यायला दोनेक आठवडे जातात. मग किलोमागे रोज साधारण १५ ग्रॅम, तेही आठवड्याच्या सरासरीने बघायचं. काटा मात्र तोच हवा.

सुट्टी व्हायच्या आधी एक पूर्ण दिवस-रात्र बाळाला तुमच्याच खोलीत ठेवायला मिळेल का, विचारा. सिस्टर हाकेच्या अंतरावर असताना जे गोंधळ घालायचे ते घालून घ्या. लोह आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब किती, कधी, आणि रात्री अडलं तर कुणाला फोन करायचा, हे लिहून घ्या. आमच्याकडे त्या रात्री मॉनिटरचा आवाज नव्हता म्हणून दोघांपैकी कुणालाच झोप लागली नाही. लेक मात्र गाढ झोपली होती. वहीत त्या पानावर बायकोच्या अक्षरात आहे : रात्री २.४०, उजवीकडे, १८ मिनिटं, नंतर मोठी ढेकर.