सौदापावती करण्याआधी: शेतातला प्लॉट कसा बघायचा

धुळे-जळगाव पट्ट्यात ले-आउटचे, म्हणजे शेतात प्लॉट आणि रस्ते पाडण्याचे, नकाशे काढण्यात माझी हयात गेली. त्यामुळे ओळखीतला जो तो विचारतो, "आप्पा, वलवाडीकडे प्लॉट पाहिलाय, घेऊ का?" मी उलट विचारतो, कॉलनीचा रस्ता पुढे कुठे जातो? ते बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं. प्लॉट पूर्वमुखी आहे, एवढं मात्र पाठ असतं.

तर आधी प्लॉट बघू नका, ले-आउट बघा. आणि ले-आउटच्याही आधी गाव नकाशा.

शहराच्या कडेला वसाहत होते ती एकेका शेताची, एकेका गटाची (गट म्हणजे सातबाऱ्यावर नंबर असलेला जमिनीचा तुकडा). वाटण्या होत होत आपल्याकडचे गट लांबट, पट्टीसारखे झालेत. मालक मधोमध एक रस्ता टाकतो, दोन्ही अंगांना प्लॉट पाडतो आणि रस्ता बांधाला जाऊन थांबतो. शेजारचा गट काही वर्षांनी विकला जातो, त्याचा रस्ता भलत्याच जागी निघतो. मग भिंतीपलीकडच्या घरी जायला हमरस्त्यापर्यंत वळसा, आणि पाण्याचा टँकर किंवा अग्निशमनची गाडी आत आली की तिला उलटी काढायची. हे त्याच धुळ्यात, जिथे कॅप्टन ब्रिग्जने १८१९च्या सुमारास नवी वस्ती वसवताना रुंद, सरळ रस्ते आखले होते. आजही गल्ली नंबर सांगितला की नवखा माणूस घर शोधून काढतो. इंग्रजाचं कौतुक करायचं नाही मला, पण आधी रस्ते आणि मग घरं हा क्रम त्याने पाळला.

म्हणून गाव नकाशा मिळवा. भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो, महाभूनकाशाच्या संकेतस्थळावरही गट दिसतो. आपला गट, शेजारचे गट, शिवरस्ता, गाडीवाट, नाला हे सगळं पेन्सिलीने खुणा करून घ्या. मग नगररचना कार्यालयातून त्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. गट रहिवासी विभागात आहे का, त्यावरून डीपी रस्ता, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात आखलेला रस्ता, जातो का, एखादं आरक्षण आहे का, ते त्यात कळतं. आता मंजूर ले-आउट शेजारी ठेवा आणि आतल्या रस्त्यावर बोट फिरवत टोकापर्यंत जा. तो डीपी रस्त्याला किंवा शेजारच्या ले-आउटच्या रस्त्याला मिळतोय का? टोकाला आडवा प्लॉट नंबर पडला असेल तर समजा, तो रस्ता कायमचा बंद. टोक बांधापर्यंत मोकळं सोडलं असेल तर पुढे जोडायला निदान जागा आहे.

जागेवर टेप घेऊन जा. नकाशात रस्ता ९ मीटरचा असेल तर जमिनीवर साडेएकोणतीस फूट भरला पाहिजे. पावलांनी मोजू नका.

दुसरी गोष्ट पाणी. पांझरेच्या काठाला फडाचे जुने पाट आहेत, बंधाऱ्यातून उताराउताराने शेतात पाणी नेणारे. शेती गेली तरी उतार तिथेच असतो. पाट किंवा नाला बुजवून प्लॉट पाडले, तरी पहिल्याच जोराच्या पावसात पाणी जुनी वाट धरतं. शक्य असेल तर जागा श्रावणात बघा. उन्हाळ्यात गेलात तर जुन्या कंपाउंडच्या भिंतींवरच्या ओलीच्या खुणा बघा, आणि ते शेत ज्याने कसलं त्या म्हाताऱ्या माणसाला गाठून विचारा, "बाबा, पानी कोठे थांबस?" तो खोटं बोलत नाही, त्याला कमिशन नसतं. नदीजवळची जागा असेल तर जलसंपदा विभागाची निळी पूररेषा, म्हणजे पुराच्या पाण्याची आखलेली हद्द, कुठून जाते ते तपासा. रेषेच्या आत असेल तर विषय संपला.

माती काळी असेल तर मुरूम किती खोलीवर लागतो ते शेजारी चाललेल्या बांधकामाच्या खड्ड्यात डोकावून बघा. पायाचा खर्च त्यावरच ठरतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या भिंतीही तडकवते.

ओपन स्पेसकडे कुणी बघतच नाही. ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. सोडतात, पण कुठे? नाल्याच्या काठाचा तिरका तुकडा, नाहीतर विजेच्या मोठ्या तारांखालची पट्टी. जी विकली जात नाही, ती ओपन स्पेस. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा रस्त्याला लागून असलेली चौकोनी मोकळी जागा आणि तिथे पंधरा-वीस कडुनिंब, ही चैन नाही. (मंदिर नंतर येतंच, त्याची काळजी करू नका.)

कागदांचं थोडक्यात. ले-आउटला तात्पुरती मंजुरी आहे की अंतिम, ते विचारा. विक्री बरेचदा तात्पुरतीवरच सुरू होते. प्लॉटचा स्वतंत्र सातबारा निघालाय का ते बघा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा ले-आउट असेल तर महारेरा (स्थावर मालमत्तेचं राज्याचं नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांक मागा. सरकारी मोजणीच्या नकाशाची प्रत, म्हणजे 'क' प्रत, हवीच. नोटरीच्या बाँडवर गुंठा देणाऱ्याकडे चहा प्या आणि उठा.

आणि ले-आउटवाला म्हणतो, "पुढचा रस्ता होणारच आहे," तेव्हा डीपीवर ती रेघ दाखवायला सांगा. आतला रस्ता, गटार, विजेचे खांब कोण आणि कधीपर्यंत करून देणार, ते सौदापावतीतच लिहून घ्या. सोबत ले-आउटची प्रत दोघांच्या सह्यांनी जोडा. रंगीत पत्रकाची नव्हे, मंजुरीचा शिक्का असलेल्या नकाशाची.