तीन बॉलच्या मशीनवर श्वासाचा व्यायाम करताय? या चुका टाळा

पोटाचं किंवा छातीचं ऑपरेशन झालं की औषधांच्या पिशवीतून एक प्लॅस्टिकचं मशीन घरी येतं. तीन उभ्या नळ्या, त्यांत तीन रंगीत बॉल आणि तोंडात धरायचा पाइप. स्पायरोमीटर हे त्याचं नाव कुणी फारसं घेत नाही. करोनाच्या काळात तर ते इतक्या घरांत पोचलं की आता शेजाऱ्यांकडूनही मागून आणतात (तसं आणू नका, ते ज्याचं त्यानेच वापरायचं). वापरणारे पुष्कळ, पण नीट वापरणारे थोडे.

बॉल हलतच नाहीत?

तुम्ही बहुधा पाइपमध्ये फुंकताय. फुगा फुगवायची सवय असते, त्यामुळे पाइप ओठांत आला की आपण फुंकतोच. हे मशीन श्वास आत घेण्यासाठी आहे. आधी तोंड बाजूला करून श्वास सोडा, मग पाइप ओठांनी घट्ट धरा आणि हवा सावकाश आत ओढा. ओठांच्या कडेने हवा शिरली तरी बॉल जागचे हलत नाहीत. मशीन वाकडं धरलं तरी गडबड होते, ते उभंच हवं. फिजिओने मुद्दाम उलटं धरून फुंकायला सांगितलं असेल तर तो वेगळा व्यायाम.

झटक्यात तिन्ही बॉल वर?

घरातले टाळ्या वाजवतात, पण सगळ्यात मोठी चूक हीच. बॉल हवेचा वेग दाखवतात, किती हवा आत गेली ते दाखवत नाहीत. बहुतेक मशीनवर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे छापलेले असतात; ते दर सेकंदाला इतके मिलिलीटर, असे वाचायचे. १२०० च्या वेगाने अर्धा सेकंद ओढलंत तर आत गेले ६०० मिलिलीटर. नेहमीच्या निवांत श्वासात ५०० जातातच, म्हणजे कमाई काहीच नाही. तेच पहिला एकच बॉल तीन सेकंद वर धरून ठेवलात तर १८०० मिलिलीटर झाले.

आणि हळू ओढण्यामागे आणखी एक कारण आहे. फुप्फुसांना फुगवणारा स्नायू त्यांच्यात नसतोच. काम करतं ते श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू. तो आकुंचन पावला की खाली सपाट होतो, बरगड्यांमधले स्नायू बरगड्या वर-बाहेर उचलतात आणि छातीतली जागा वाढते. फुप्फुसांभोवतीच्या आवरणातला दाब आधीच बाहेरच्या हवेपेक्षा ५ सेंटीमीटर उंच पाण्याच्या दाबाइतका कमी असतो, तो आणखी घटून उणे ७-८ वर जातो. फुप्फुसं त्याबरोबर ताणली जातात आणि त्यांच्या आतला दाब बाहेरपेक्षा जेमतेम १ सेंटीमीटरने उतरतो. निवांत श्वासाला एवढा फरक पुरतो. ऑपरेशननंतर दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, मग फुप्फुसांच्या तळाकडचे वायुकोश, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या, मिटतात आणि तिथे कफ साचतो. ते उघडायला मोठा आणि टिकलेला ताण लागतो, झटका नव्हे. म्हणून श्वास भरल्यावर दोन-तीन सेकंद थांबा, मग सोडा.

मान आणि खांदे दुखतात?

खांदे उचलून श्वास घेतला जातोय. मानेचे स्नायू वरच्या बरगड्या उचलायला मदत करतात, पण ते धावताना किंवा दम्याच्या झटक्यात कामाला येणारे राखीव गडी. एक हात पोटावर ठेवा. श्वास आत घेताना पोट पुढे यायला हवं, कारण श्वासपटल खाली येताना आतड्यांना पुढे ढकलतं. ‘छाती पुढे, पोट आत’ हा शाळेतल्या कवायतीचा धडा इथे विसरा.

आडवं पडून किंवा सोफ्यात रुतूनही करू नका, पोटातले अवयव श्वासपटलावर रेलतात. खुर्चीत ताठ बसा. टाके पोटावर असतील तर खोकताना उशी पोटाशी दाबून धरा.

चक्कर येते, ओठांना मुंग्या येतात?

लागोपाठ फार मोठे श्वास घेतलेत. ‘ऑक्सिजन जास्त झाला’ असं लोक म्हणतात. खरं तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर गेला आणि त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसल्या. थांबा, नेहमीचे श्वास घ्या. दर दोन मोठ्या श्वासांमध्ये थोडी विश्रांती हवीच. जागेपणी तासाला ५ ते १० मोठे श्वास साधारण पुरतात. डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच.

विहिरीत बुडी मारण्याआधी पोरं भराभर श्वास घेतात, त्यातला धोका हाच. श्वास घ्यावासा वाटायला लावणारा कार्बन डायऑक्साइड आधीच उतरलेला असतो, त्यामुळे ऑक्सिजन संपत आला तरी पोराला कळत नाही आणि पाण्याखालीच शुद्ध हरपते.

त्याऐवजी कपालभाती चालेल?

नाही. नेहमीच्या श्वासात आत घेणं स्नायूंच्या जोरावर होतं, सोडणं मात्र फुप्फुसांच्या लवचीकपणामुळे आपोआप. कपालभातीत पोटाचे स्नायू झटका देऊन हवा बाहेर काढतात. ताज्या टाक्यांवर तो झटका कशाला?

आदल्या दिवशी जमणारा बॉल अचानक उचलला जात नसेल, सोबत ताप, छातीत दुखणं किंवा बसल्या जागी धाप असेल, तर व्यायाम वाढवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.