संयुक्त सरावाला नाव आलंय? आधी त्यांची रायफल ओळखा

पलटणीतून संयुक्त सरावासाठी नाव गेलं की पोरं दोन गोष्टींची धास्ती घेतात: इंग्रजी आणि गोऱ्यांचा फिटनेस. दोन्ही सोडा. ‘युद्ध अभ्यास’ हा भारत-अमेरिकेच्या लष्करांचा संयुक्त सराव २००४ पासून चाललाय. आपले जवान अलास्कात जाऊन आलेत, अमेरिकन उत्तराखंडातल्या औलीत आणि राजस्थानातल्या महाजनला येऊन गेलेत. तोडक्यामोडक्या इंग्रजीवर निभतं. औलीत मात्र पहिल्या दिवशी मर्दुमकी दाखवायला पळू नका, उंची कुणाचीच भीड ठेवत नाही.

माझं घोडं अडलं ते हत्याराशी. म्हणून हे दोनदा वाचा.

एके म्हणजे आपल्या हातातली एके-४७ घराण्यातली रायफल, एम-४ अमेरिकनांची. सेलेक्टर म्हणजे सेफ, सिंगल (एकेक गोळी) की ऑटो (सलग मारा) हे ठरवणारा खटका. एकेचा सेलेक्टर उजवीकडे. वर सेफ, मध्ये ऑटो, तळाशी सिंगल. एम-४चा डावीकडे, अंगठ्याखाली. सेफनंतर पहिला थांबा सिंगलचा, त्यापुढे मॉडेलप्रमाणे बर्स्ट (एका दाबात ठरावीक गोळ्या) किंवा ऑटो. म्हणजे क्रमच उलटा! एकेची सवय असलेला हात लिव्हर शेवटपर्यंत ढकलतो आणि सिंगलऐवजी बर्स्टवर जातो. त्यांचा गडी एकेवर एक खटका खाली घेतो आणि थेट ऑटोवर पोचतो.

रेंजवर उस्ताद शेजारी असतो, तिथं सावरून घेतात. जखमी बडीला (जोडीदाराला) उचलायच्या ड्रिलमध्ये त्याची रायफल तुम्हालाच सेफ करायची असते आणि अंगात दोन रात्रींचं जागरण असतं. एके सेफवर असताना पूर्ण कॉक होत नाही, म्हणजे बोल्ट पूर्ण मागं ओढता येत नाही, म्हणून मॅगझिन काढा, सेलेक्टर खाली घ्या, मग कॉक करा. एम-४ सेफवरही कॉक होते, पण हॅमर (गोळी उडवणारा आतला घण) चढलेला नसेल तर ती सेफवर जातच नाही. जोर लावू नका, बिघडलेली नसते. दोन्हींत मॅगझिन आधी. कॉक आधी केलंत तर नवा राउंड चेंबरमध्ये गेलाच म्हणून समजा.

आदल्या रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघून हे येत नाही. साहेबांच्या प्रेझेंटेशननंही नाही, राग मानू नका. डोळ्यांवर पट्टी बांधून हत्यार हाताळायला लावणारा, खडूस म्हणून बदनाम असलेला हवालदार गाठा. चुकलात तर शिव्या खाल, त्यानं काही बिघडत नाही. इथं हारजीत नसते, त्यांचेही हात तितकेच गोंधळलेले असतात.

तळाचे, नकाशाचे फोटो काढाल तर मात्र कुणी वाचवणार नाही. आणि पलटणीचे पॅच जास्तीचे घ्या, शेवटच्या दिवशी अदलाबदलीला कमी पडतात.